विश्लेषण : थ्रीडी ड्रॅगनला ‘हाताची रेघ’ येते कुठून?

संगणकात तयार केलेला ड्रॅगन, राक्षस किंवा पंखांचा सिंह शाईने काढल्यासारखा दिसावा, यासाठी आता तयार सॉफ्टवेअर आहे. त्यातले काही मोफतही आहे. तरीही बटण दाबून मिळालेले चित्र आणि चित्रकाराने काढलेले चित्र शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो. हा फरक नेमका कशाचा, आणि तो भरून काढण्यासाठी माणसाला पैसे द्यायचे की नाही?

आयता ड्रॅगन

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगणक-चित्रण प्रयोगशाळेने १९९६ मध्ये ड्रॅगनची एक मूर्ती लेझर स्कॅनरने मोजली आणि तिचे थ्रीडी मॉडेल अभ्यासकांसाठी खुले केले. सुमारे ८ लाख ७१ हजार त्रिकोणांच्या जाळीचा हा ड्रॅगन तेव्हापासून या क्षेत्रात घरचाच झाला आहे. नवी पद्धत सुचली की आधी ती या ड्रॅगनवर चालवून पाहायची, असा जणू शिरस्ता पडला.

हे मॉडेल उतरवून घ्यायचे, ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडायचे, दिवे लावायचे आणि रेंडर करायचे. साध्या लॅपटॉपवरही थोड्या वेळात चित्र तयार होते. अंगावरचा प्रत्येक खवला, जबड्याखालची सावली, शेपटीवरची चकाकी, सगळे बिनचूक. गोष्टीच्या पुस्तकात मात्र हेच चित्र परके वाटते. काळ्या शाईतला मजकूर, खरबरीत कागद आणि मधोमध दुकानाच्या काचेमागे ठेवल्यासारखा गुळगुळीत प्राणी.

ही अडचण सर्वाधिक जाणवते ती टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायच्या कथाखेळांची पुस्तके काढणाऱ्यांना. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध खेळ १९७४ मध्ये आला. त्यातल्या प्राण्यांची जंत्री असलेले ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ १९७७ चे. आतली चित्रे काळ्या रेघांची. त्यामुळे अशा पुस्तकात प्राणी शाईचाच हवा, अशी वाचकांची सवय झाली. एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून असा खेळ तयार करणाऱ्यांना पन्नास-साठ प्राणी लागतात. प्रत्येकासाठी चित्रकाराचे मानधन परवडत नाही. मग तयार मॉडेल विकत घ्यायचे, त्याला हवी तशी ढब द्यायची, रेंडर करायचे आणि त्यावरून रेखाचित्र बनवायचे, असा मार्ग निघाला.

याला लबाडी म्हणणारे चित्रकार आहेत. ते म्हणणे पटत नाही. सांध्यांत वळणारी लाकडी बाहुली समोर ठेवून शरीराची ठेवण अभ्यासणे चित्रकलेत जुनेच आहे, आणि मोठ्या शिल्पाआधी मातीचा छोटा नमुनाही केला जातोच. थ्रीडी मॉडेल त्याच रांगेतले साधन आहे. खरा प्रश्न रेंडर हातात आल्यानंतर सुरू होतो.

रेघ कुठे काढायची, हे संगणकाला कसे कळते?

मॉडेल म्हणजे त्रिकोणांची जाळी. प्रत्येक त्रिकोणाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे संगणकाला ठाऊक असते. एक त्रिकोण बघणाऱ्याकडे तोंड करून आहे आणि त्याला चिकटलेल्या त्रिकोणाने पाठ फिरवली आहे, तर दोघांच्या सामाईक कडेवर रेघ ओढायची. त्यासाठी बारावीच्या गणितातला दोन सदिशांचा अदिश गुणाकार पुरतो. उत्तर धन आहे की ऋण, एवढेच पाहायचे. ड्रॅगनच्या पाठीची, शिंगांची, नख्यांची बाह्यरेषा अशी मिळते.

व्हिडिओ गेममध्ये वेळ कमी असतो, म्हणून तिथे एक सोपी युक्ती वापरतात. प्राण्याच्या मॉडेलची एक प्रत काढायची, ती किंचित फुगवायची, पूर्ण काळी करायची आणि तिची फक्त आतली बाजू दिसेल अशी उलटवायची. मूळ प्राणी पुढे उभा असल्याने काळा रंग फक्त कडेने डोकावतो. साडीच्या काठाखालून परकर बोटभर दिसावा, तसा.

पण निव्वळ बाह्यरेषेने प्राणी भरीव दिसत नाही. गालाचा खळगा, मांडीचा फुगीर भाग दाखवायला आतल्या रेघा लागतात. २००३ मध्ये अमेरिकेतील चार संशोधकांनी यावर एक सुंदर तोडगा मांडला. बघणाऱ्याने डोके थोडे इकडेतिकडे हलवले असते तर जिथे बाह्यरेषा उमटली असती, तिथे आत्ताच एक रेघ काढून ठेवायची. या रेघांना त्यांनी ‘सजेस्टिव्ह काँटूर्स’, म्हणजे सुचवणाऱ्या रेषा, असे नाव दिले. गणित किचकट आहे, पण कल्पना कोणत्याही चित्रकाराला ओळखीची वाटावी अशी.

राहता राहिली सावली. शाईच्या चित्रात करडा रंग नसतो. रेघोट्या दाट केल्या की गडद, विरळ केल्या की फिकट. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉर्जेस विंकेनबाख आणि डेव्हिड सॅलेसिन यांनी १९९४ मध्ये संगणकाकडून अशी टाक-शाईची चित्रे काढून घेतली. २००१ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी हेच काम हलत्या प्राण्यावर, लगोलग करून दाखवले. त्यांची क्लृप्ती अशी, की फिकट छटेतल्या रेघोट्या गडद छटेतही जागच्या जागी ठेवायच्या आणि वर नव्या टाकायच्या. त्यामुळे सावली सरकताना रेघा लुकलुकत नाहीत.

रेघोट्यांची दिशाही महत्त्वाची असते. ड्रॅगनच्या मानेवर त्या बांगड्यांसारख्या फिरल्या तर मान गोल दिसते, लांबीच्या बाजूने गेल्या तर ताणलेली दिसते. संगणक ही दिशा पृष्ठभागाच्या वळणावरून ठरवतो. जिथे वळण ठसठशीत आहे तिथे हे छान जमते. पंखाच्या पडद्यासारख्या जवळजवळ सपाट भागात मात्र वळण कोणत्या दिशेला आहे हेच धड ठरत नाही आणि रेघा वाऱ्यावर उडालेल्या गवतासारख्या विस्कटतात. चित्रकाराला तिथे अडचण येत नाही, कारण तो वळण मोजत बसत नाही. पंख म्हणजे हाडांमध्ये ताणलेली कातडी, हे त्याला माहीत असते. तो हाडापासून कडेकडे रेघ ओढतो.

खवले मोजणारा आणि खवले सुचवणारा

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो खवल्यांचा. मॉडेलमध्ये प्रत्येक खवला कोरलेला असेल, तर प्रत्येकाला कडा आहे आणि प्रत्येक कडेवर रेघ काढणे हे सॉफ्टवेअरचे कामच आहे. ते इमानेइतबारे काही हजार खवल्यांभोवती रेघा काढते. पडद्यावर मोठे करून पाहिले तर चित्र थक्क करते. पुस्तकात दोन इंच रुंदीला छापले की नुसता काळा गोळा.

अनुभवी चित्रकार खवल्यांच्या दोन-चार ओळी काढतो, त्याही उजेड आणि सावली जिथे भेटतात तिथे. बाकीचे अंग कोरे सोडतो. बघणाऱ्याला तरीही सगळे अंग खवल्यांचे वाटते. डोळ्यांभोवती रेघा दाट, शेपटीकडे विरळ, कारण बघणाऱ्याने आधी डोळे पाहावेत असे त्याला वाटत असते. मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी ‘चांदोबा’त शंकर यांनी काढलेला विक्रम आणि त्याच्या खांद्यावरचे प्रेत पाहिले आहे. त्या चित्राची भीती कशात होती, ते आठवून पाहावे. फार तपशिलात खचितच नव्हती.

उलट्या टोकाचे उदाहरण पाचशे वर्षांपूर्वीचे आहे, आणि त्याची वाट गोव्यावरून जाते. गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना मिळालेला एक गेंडा गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे १५१५ मध्ये लिस्बनला पोहोचला. जर्मनीतल्या आल्ब्रेख्ट ड्यूरर या चित्रकाराने तो कधीच पाहिला नाही. कोणाचे तरी वर्णन आणि एक कच्चे रेखाटन यांच्या आधारे त्याने लाकडी ठशाचे चित्र केले. त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आहेत आणि मानेच्या मागे एक जास्तीचे छोटे शिंगही. प्राणी म्हणून ते चुकीचे आहे. तरी युरोपात पुढे दीर्घकाळ गेंडा म्हटले की हेच चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर येई. ड्यूररकडे माहिती फार थोडी होती. ड्रॅगनचे आठ लाख त्रिकोण समोर असलेल्या आजच्या माणसाकडे ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि त्यातले काय टाकून द्यायचे हे त्याला कोणी सांगत नाही.

१४ टक्के रेघा

याबाबत केवळ आवडीनिवडीवर विसंबायची गरज नाही. प्रिन्स्टन आणि रटगर्स विद्यापीठांतील संशोधकांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनेक चित्रकारांना एकाच थ्रीडी वस्तूची रेखाचित्रे काढायला दिली आणि त्यांच्या रेघा मॉडेलवर नेमक्या कुठे पडतात, हे तपासले. ७५ टक्के रेघा दुसऱ्या एखाद्या चित्रकाराच्या रेघेपासून एका मिलिमीटरच्या आत होत्या. म्हणजे रेघ कुठे हवी, याबद्दल माणसांचे बरेचसे एकमत असते, आणि त्यातल्या बहुतेक रेघा वर सांगितलेल्या गणिती पद्धतींनाही सापडतात. उरलेल्या १४ टक्के रेघा मात्र अभ्यासात तपासलेल्या कोणत्याच भूमितीय गुणधर्माने नीट स्पष्ट होत नव्हत्या.

या प्रयोगातल्या वस्तू हाडे, यंत्रांचे सुटे भाग, कापड अशा होत्या. त्यांना चेहरा नव्हता, स्वभाव नव्हता. दातओठ खाणारा ड्रॅगन दिला असता तर हा १४ चा आकडा वाढला असता, असा अंदाज करायला हरकत नाही. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचा भर उरलेल्या ८६ वर असतो आणि त्यांच्या जागी ते बरोबरही आहे, कारण ते काम खरोखरच कंटाळवाणे असते. पण पुस्तक विकत घेणारा ज्यासाठी थबकतो, ते या १४ मध्ये असते.

प्राणी हलू लागला की

चित्र स्थिर असेपर्यंत निभावते. अ‍ॅनिमेशनमध्ये नवीच पंचाईत होते. कागदाचा पोत आणि रेघोट्या पडद्याला चिकटवल्या, तर प्राणी त्यांच्या मागून पोहत गेल्यासारखा दिसतो. न्हाणीघराच्या नक्षीदार काचेतून पाहावे तसे. या दोषाला इंग्रजीतही ‘शॉवर डोअर’ असेच नाव आहे. रेघोट्या अंगाला चिकटवल्या, तर छापील कापड गुंडाळल्यासारखे वाटते. डिस्नेमध्ये काम करणाऱ्या बार्बरा मायर यांनी १९९६ मध्ये मधला मार्ग दाखवला. पृष्ठभागावर असंख्य ठिपके पक्के करायचे आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्या ठिपक्यांच्या जागी कुंचल्याचा फटकारा नव्याने मारायचा. फटकारा जागेला धरून राहतो, पण त्याची तबकडी कॅमेऱ्याकडे वळलेली असते.

‘द आयर्न जायंट’ (१९९९) या चित्रपटात तर अडचण उलटी होती. माणसे हाताने काढलेली, अवाढव्य लोखंडी पाहुणा संगणकात बनवलेला. त्याच्या रेघा इतक्या सरळ आल्या की तो वेगळ्या चित्रपटातून आल्यासारखा वाटू लागला. शेवटी त्याच्या रेघांना मुद्दाम थोडी थरथर देण्यात आली. हातातला दोष म्हणून कलाशिक्षक जी गोष्ट घालवायला सांगतात, तीच पैसे खर्चून परत आणावी लागली.

ज्यांना जमले, त्यांनी काय केले?

२००६ मध्ये आलेला ‘ओकामी’ हा जपानी व्हिडिओ गेम या विषयात हमखास आठवला जातो. त्यातली नायिका पांढऱ्या लांडग्याच्या रूपातली सूर्यदेवता आहे आणि सगळे जग जपानी शाईचित्रांसारखे. सुरुवातीला हा गेम वास्तवदर्शी शैलीत करायचा बेत होता. प्लेस्टेशन २ ला तो भार झेपेना, तेव्हा शैली बदलण्यात आली. तपशील कमी करावा लागला, हेच त्याच्या पथ्यावर पडले. आज त्या काळचे ‘वास्तवदर्शी’ गेम ओबडधोबड वाटतात, पण ‘ओकामी’ जुना वाटत नाही.

‘गिल्टी गिअर एक्सआरडी’ (२०१४) हा दुसरा दाखला अभियांत्रिकीच्या अंगाने जास्त बोलका आहे. आर्क सिस्टम वर्क्स या कंपनीच्या जुन्या मोटोमुरा यांनी २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत त्याची रीत उलगडून सांगितली. बाह्यरेषेसाठी वर सांगितलेली परकराचीच युक्ती होती. सावली मात्र आपोआप पडू दिली नाही. प्रत्येक बिंदूवर प्रकाश कसा वळेल, हे चित्रकारांनी हाताने दुरुस्त केले. दोन ढबींमधल्या हालचाली संगणकाला भरू दिल्या नाहीत. एकेक ढब वेगळी बसवली, गरज पडली तिथे हातपायांची मापेही बदलली. म्हणजे ‘हाताने काढल्यासारखे’ दिसण्यासाठी शेवटी हातच राबले, फक्त कागदाऐवजी मॉडेलवर.

‘पुस इन बूट्स : द लास्ट विश’ (२०२२) मध्येही हेच दिसते. परीकथेच्या पुस्तकातल्या रंगचित्रांसारखे जग आणि त्यात मृत्यू बनून आलेला लांडगा. मारामारीच्या प्रसंगांत सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या मुद्दाम कमी केली आहे, त्यामुळे प्रत्येक ढब ठसते. अशा निर्णयांसाठी बटण नसते.

मग एआयला का सांगू नये?

‘शाईतला ड्रॅगन काढ’ असे लिहिले की एआय काही सेकंदांत चित्र देते, मग मॉडेल कशाला, असा प्रश्न येणारच. व्यावहारिक उत्तर सोपे आहे. मॉडेलचा ड्रॅगन पान ७ वर आणि पान ७० वर तोच राहतो. मागून पाहिला तरी शिंगे तेवढीच. एआयच्या चित्रात मागे भूमितीच नसते, त्यामुळे पुढच्या चित्रात नख्यांची संख्या बदलू शकते. दुसरे उत्तर हक्कांचे आहे आणि त्यावर अनेक देशांत न्यायालयीन लढाया सुरू आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या राक्षसांवरील एका नव्या पुस्तकात काही चित्रांवर एआयचा हात फिरल्याचे वाचकांनीच ओळखले. प्रकाशक कंपनीला चित्रकारांसाठीचे नियम बदलावे लागले. वाचकाला रेघेतले कळत नाही, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

यंत्राची मदत घेण्याचा बरा नमुनाही आहे. ‘स्पायडरमॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८) मध्ये चेहऱ्यांवरच्या शाईच्या रेघा आधी चित्रकारांनी काढल्या. त्यांवरून शिकून संगणक पुढच्या फ्रेममधल्या रेघांचा अंदाज बांधी आणि चित्रकार त्या दुरुस्त करत. शेवटचा शब्द चित्रकाराचा होता आणि त्याचा पगारही चालू होता.

खर्च कुठे करायचा?

मुंबई-पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्या संस्थांना तोटा नाही. त्यातल्या अनेक ठिकाणी भर सॉफ्टवेअरवर असतो, कारण नोकरीच्या जाहिरातीत सॉफ्टवेअरचीच नावे असतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांसाठी द्यायच्या आणि मग चित्रकलेची वही माळ्यावर टाकायची, ही आपल्याकडची रीत. त्या परीक्षेतला स्मरणचित्राचा विषय आठवा. समोर वस्तू नसताना, जेवढे लक्षात आहे तेवढ्यावर चित्र उभे करायचे. काय गाळायचे याचे शिक्षण त्याहून स्वस्तात मिळत नाही, आणि वर सांगितलेले १४ टक्के तिथेच शिकता येतात. सॉफ्टवेअर दर दोन-तीन वर्षांनी बदलते.

एकट्याने पुस्तक काढणाऱ्यासाठीही हिशेब फार अवघड नाही. ब्लेंडरमध्ये २०२१ पासून मॉडेलवरून थेट रेघा काढून देणारी ‘लाइन आर्ट’ ही सोय आहे. तिच्या रेघा नंतर पेन्सिलीच्या रेघांसारख्या एकेक खोडता, जाड-बारीक करता येतात. साठ प्राण्यांच्या साठ कच्च्या रेघाचित्रांपर्यंतचे काम मॉडेल आणि सॉफ्टवेअरकडून करून घ्यावे. वाचवलेल्या पैशांतून चित्रकाराला काही दिवस बसवावे आणि खोडण्याचे, ठसवण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. पूर्ण चित्राचे मानधन परवडत नाही म्हणून चित्रकारच नको, ही उडी मोठी आहे. आणि कोणाचाच हात लागला नसेल, तर मुखपृष्ठावर ‘हस्तरेखाटित चित्रांसह’ असे छापू नये. पुस्तकात ‘मॉडेल : अमुक, रेखाटन : तमुक’ अशी दोन नावे द्यायला अर्धी ओळ पुरते.

मॉडेलच्या अटीही वाचाव्यात. विकत घेतलेल्या मॉडेलची रेंडर केलेली चित्रे छापायची मुभा साधारणपणे असते, फाइल पुढे वाटायची नसते. पण प्रत्येक विक्रेत्याचे नियम वेगळे. मोफत मॉडेलवरही अटी असतात. स्टॅनफर्डचा ड्रॅगन संशोधनासाठी खुला आहे. व्यावसायिक वापरासाठी परवानगी लागते. शिवाय ड्रॅगन हे चिनी संस्कृतीचे प्रतीक असल्याने त्याची चित्रे सभ्यपणे करा, त्याला वितळवू किंवा फोडू नका, अशी विनंती प्रयोगशाळेने संकेतस्थळावर केली आहे. तसले प्रयोग करायचे असतील तर त्याच संग्रहातला ससा आणि आर्माडिलो आहेत, त्यांचे हवे ते करा, असेही तिथेच लिहिले आहे.